वीस रुपयांच्या ब्रोकरची परीक्षा: बाजार उसळतो तेव्हा ॲप काय करतं

३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के वर गेला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि तोच निफ्टी ५.९३ टक्क्यांनी कोसळून २१,८८४ वर बंद झाला. सेन्सेक्सने एका दिवसात ४,३८९ अंक गमावले. ५ जूनला एनएसई या शेअर बाजारात सव्वासहा तासांत १,९७१ कोटी ऑर्डर आणि २८.५५ कोटी सौदे नोंदले गेले. याच दिवसांत अनेक मोठ्या डिस्काउंट (स्वस्त दलालीच्या) ब्रोकरांच्या ग्राहकांनी ॲप उघडत नाही, ऑर्डर जात नाही, पोझिशन (उघडे सौदे) दिसत नाही असा आरडाओरडा केला. एरवी लोण्यासारखं चालतं आणि नेमकं गरजेला बसतं, ही या सेवेबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार.

हे परीक्षण कुठल्या एका ॲपचं नाही. ऑर्डरमागे २० रुपये घेऊन मोबाइलवर सौदा करू देणारी ही जी एकूण सेवा आहे, तिचं आहे. आधी गुण सांगून टाकतो. साध्या दिवशी पाचपैकी साडेचार. एक्स्पायरीला (करार संपण्याच्या दिवशी), म्हणजे सध्या निफ्टीच्या मंगळवारी आणि सेन्सेक्सच्या गुरुवारी, साडेतीन. निकाल, बजेट किंवा युद्धाची बातमी असलेल्या दिवशी दोन, आणि तेही ग्राहकाला नेमकं काय बिघडलंय हे ओळखता आलं तर.

कारण ‘ॲप बंद पडलं’ असं आपण सरसकट म्हणतो, पण बंद पडण्याच्या जागा निरनिराळ्या असतात. पहिली जागा लॉगिनची. बहुतेक ब्रोकरांकडे लॉगिन रोज नव्याने करावं लागतं. त्यामुळे सकाळी ९ ते ९:१५ या पाव तासात लाखो लोक एकदम दारावर येतात. त्यात ओटीपी एसएमएसने येणार असेल तर मोबाइल कंपनीची दिरंगाईही जमेला धरा. उपाय अगदी साधा आहे: पावणेनऊच्या आत लॉगिन करून ठेवायचं आणि दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपचा कोड लावून घ्यायचा. तो कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला नेटवर्क लागत नाही. आणि एकदा आत शिरलात की ॲप अडखळलं म्हणून लॉगआउट करू नका. पुन्हा आत येता येईलच याची खात्री नसते.

दुसरी जागा भावांची. भाव ज्या वाटेने फोनवर येतात ती वाट आणि ऑर्डर जाण्याची वाट वेगळी असते. म्हणून कधी भाव गोठतात पण ऑर्डर सुरळीत जातात. हा बिघाड सगळ्यात फसवा, कारण पडद्यावर आकडा असतो, फक्त तो शिळा असतो. मार्केट डेप्थ (खरेदी-विक्रीच्या ऑर्डरची यादी) उघडून शेवटच्या सौद्याची वेळ पाहा. निफ्टी ऑप्शनच्या (ठरलेल्या भावाला खरेदी-विक्रीचा हक्क देणारा करार) चालत्या स्ट्राइकमध्ये, म्हणजे जोरात सौदे होणाऱ्या ठरलेल्या भावात, ती वेळ घड्याळापेक्षा दहा-पंधरा सेकंद मागे असेल तर त्या भावावर लिमिट (भावाची मर्यादा घातलेली) ऑर्डर टाकणं म्हणजे अंधारात हात घालणं.

तिसरी जागा खरी दुखरी: ऑर्डर आणि जोखीम तपासणारी यंत्रणा. तुम्ही बटण दाबलं की ऑर्डर थेट एक्स्चेंजला (एनएसई, बीएसईला) जात नाही. आधी खात्यात मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) किती आहे, उघड्या पोझिशन कोणत्या, नव्या ऑर्डरने मार्जिन वाढतं की घटतं हा हिशोब ब्रोकरच्या सर्व्हरवर होतो. बाजार जोरात हलत असताना लाखो खात्यांचा हा हिशोब एकाच वेळी करावा लागतो आणि तिथे रांग लागते. ऑर्डर बुकमधली स्थिती वाचता आली तर रांग कुठे आहे ते कळतं. झिरोदा या ब्रोकरच्या काईटसारख्या ॲपवर ‘पुट ऑर्डर रिक्वेस्ट रिसीव्ह्ड’ किंवा ‘व्हॅलिडेशन पेंडिंग’ दिसत असेल तर ऑर्डर अजून ब्रोकरच्याच घरात आहे. ‘ओपन पेंडिंग’ म्हणजे निघाली, पण एक्स्चेंजची पोच आली नाही. ‘ओपन’ किंवा ‘ट्रिगर पेंडिंग’ म्हणजे एक्स्चेंजने ती घेतली. ऑर्डरच्या तपशिलात एक्स्चेंज ऑर्डर क्रमांक दिसू लागतो. तो क्रमांक हीच खरी पावती.

इथेच सगळ्यात महाग चूक होते. ऑर्डर अडकली की माणूस पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. सर्व्हर शुद्धीवर आला की तीनही ऑर्डर एकदम सुटतात. एक लॉट (सौद्याचा ठरावीक गठ्ठा) विकून बाहेर पडायचं होतं, हाती दोन लॉट शॉर्ट (जवळ नसताना विकलेले) उरतात. मार्जिन असेल तर यंत्रणा अडवत नाही, कारण तिच्या लेखी ती नवी, वैध पोझिशन असते. म्हणून पहिली ऑर्डर ‘व्हॅलिडेशन पेंडिंग’ असताना दुसरी टाकायची नाही. आधी रद्द करून पाहायची; रद्दही होत नसेल तर मोबाइल ॲप सोडून ब्राउझरमधून ऑर्डर बुक उघडायचं. ॲप आणि वेबसाइट एकाच मागच्या यंत्रणेवर चालत असले तरी पुढचा दरवाजा पुष्कळदा वेगळा असतो. वायफायवरून मोबाइल डेटावर जाऊन पाहणं हेही अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ब्रोकरच्या नावावर बिलं फाटतात अशा दोन जागा त्याच्या हद्दीबाहेर आहेत. डिमॅटमधले शेअर विकताना सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेच्या पानावर टीपिन (गुप्त क्रमांक) आणि ओटीपी टाकावा लागतो. गर्दीच्या दिवशी ते पान उघडत नाही आणि घसरणाऱ्या बाजारात शेअर हातात धरून बसावं लागतं. यावर कायमचा इलाज डीडीपीआय. हे अधिकारपत्र एकदा दिलं की विकलेले शेअर खात्यातून वळते करायला दर वेळी टीपिन लागत नाही. पूर्वीच्या मुखत्यारपत्रापेक्षा त्याची व्याप्ती मर्यादित आहे आणि खर्चही किरकोळ. लांब पल्ल्याच्या गुंतवणूकदाराने यावर कंजुषी करू नये. दुसरी जागा यूपीआय. मार्जिन कमी पडलं म्हणून साडेनऊला पैसे टाकायला गेलात तर ते बँकेतून वजा होऊनही ब्रोकरकडे उशिरा दिसू शकतात. पैसे आदल्या संध्याकाळीच टाकलेले बरे.

आणि काही वेळा काहीच बिघडलेलं नसतं. ऑप्शनमध्ये एक्स्चेंजने ठरवलेल्या भाव-पट्ट्याबाहेरची लिमिट ऑर्डर नाकारली जाते. दिवसभरात मार्जिनचे आकडे अनेकदा बदलतात, अस्थिरता वाढली की शॉर्ट पोझिशनचं मार्जिन फुगतं आणि ऑर्डर ‘रिजेक्टेड’ येते. नकाराचं कारण ऑर्डरवर बोट ठेवलं की वाचता येतं. ते न वाचता ॲपला शिव्या देणारेही कमी नाहीत.

आता या सेवेतला असा भाग, जो ब्रोकर जाहिरातीत ठळक सांगत नाहीत: कुठली ऑर्डर कुणाच्या घरी राहते. दिवसाची स्टॉप लॉस (तोटा थांबवणारी) ऑर्डर एक्स्चेंजवर जाऊन बसते. ती एकदा ‘ट्रिगर पेंडिंग’ झाली की ब्रोकरचं ॲप, सर्व्हर, कॉल सेंटर सगळं आडवं झालं तरी ती आपल्या भावाला पेटते. जीटीटी (भाव लागेपर्यंत अनेक दिवस जिवंत राहणारी) ऑर्डर मात्र ब्रोकरच्या सर्व्हरवर असते. भाव ट्रिगरला (ठरवून दिलेल्या पातळीला) लागला की ब्रोकर त्या क्षणी एक्स्चेंजला ऑर्डर पाठवतो. म्हणजे ज्या दिवशी सर्व्हर झोपतो, त्या दिवशी जीटीटीही झोपते. टार्गेट आणि स्टॉप लॉस जोडीने लावणाऱ्या सोयींचंही पुष्कळ ठिकाणी तसंच. वर्षभर ठेवायच्या शेअरला जीटीटी ठीक. शॉर्ट केलेल्या कॉलला (भाव चढला की विकणाऱ्याला तोटा देणाऱ्या ऑप्शनला) जीटीटीचा स्टॉप लॉस लावून मतमोजणीला सामोरं जाणं हा निव्वळ जुगार आहे.

स्टॉप लॉसलाही एक पेच आहे. ऑप्शनमध्ये एनएसईने मार्केट प्रकारचा (मिळेल त्या भावाला सुटणारा) स्टॉप लॉस २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद केला. तेव्हापासून ट्रिगरसोबत लिमिट द्यावीच लागते. समजा १०० रुपयांना विकलेल्या कॉलवर ट्रिगर १४० आणि लिमिट १४२ दिली. साध्या दिवशी दोन रुपयांचं अंतर पुरतं. निकालाच्या सकाळी भाव १३८ वरून थेट १६५ ला उडी मारतो. ऑर्डर पेटते, पण १४२ ला विकणारा कुणी नसतो, आणि ती ऑर्डर तशीच उघडी पडून राहते. लोक याला ‘ॲपने स्टॉप लॉस मारला नाही’ म्हणतात. अशा दिवशी ट्रिगर १४० असेल तर लिमिट १६०-१६५ पर्यंत न्यावी. लिमिट जास्त दिली म्हणून भरणा महागच होतो असं नाही. समोर १४४ ला विकणारा असेल तर १४४ लाच होतो.

शिवाय ही ऑर्डर एका दिवसापुरतीच जगते. रात्रभर ठेवलेल्या पोझिशनला दर सकाळी नवा स्टॉप लॉस लावावा लागतो, तोही नेमका ९:१५ ला, जेव्हा दारावर सगळ्यात जास्त झुंबड असते. आदल्या संध्याकाळी बाजारोत्तर ऑर्डर टाकायची सोय असते, पण तीही सकाळपर्यंत ब्रोकरकडेच असते. म्हणून रात्र काढायची असेल तर संरक्षण पोझिशनमध्येच हवं: विकलेल्या कॉलच्या वरचा कॉल विकत घेतलेला, विकत घेतलेल्या फ्युचरला (पुढच्या तारखेच्या वायद्याला) पुट (भाव पडला की फायदा देणारा ऑप्शन) जोडलेला. त्याला ना लॉगिन लागतं, ना ट्रिगर.

पर्यायी वाटांना गुण द्यायचे तर फोनवरून ऑर्डर घेणारा विभाग बऱ्याच ब्रोकरांकडे असतो. एका मोठ्या ब्रोकरकडे त्याचं शुल्क ऑर्डरमागे ५० रुपये अधिक जीएसटी आहे, इतरत्रही थोडंफार तसंच. पण त्या दिवशी लाईन लागायला हवी, आणि फोनवरचा माणूस जी यंत्रणा वापरतो तीच बसलेली असेल तर तो ‘सर, इश्यू आहे’ एवढंच सांगू शकतो. झिरोदाने व्हॉट्सॲपवरून पोझिशन पाहून बंद करण्याची ‘काईट बॅकअप’ ही वेगळी वाट दिली आहे. ही कल्पना चांगली आहे, सगळ्यांनी उचलावी अशी. मात्र तो क्रमांक आधीच जतन करून एकदा वापरून पाहिलेला असला पाहिजे.

शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या आग्रहाने एक्स्चेंजांनी मिळून उभी केलेली ‘इर्रा’ नावाची सोय ऑक्टोबर २०२३ पासून आहे. ब्रोकरची मुख्य आणि राखीव अशी दोन्ही केंद्रं बंद पडली तर तिथून उघड्या पोझिशन बंद करता येतात आणि पडून राहिलेल्या ऑर्डर रद्द करता येतात. नवी पोझिशन घेता येत नाही. कागदावर उत्तम. पण ती ग्राहकाला स्वतःहून सुरू करता येत नाही. ब्रोकरने मागणी करावी लागते किंवा एक्स्चेंजने स्वतः पाऊल उचलावं लागतं. वीस मिनिटांची रखडपट्टी त्यात बसतच नाही. पाचपैकी दीड.

खरा उपयोगी पर्याय म्हणजे दुसऱ्या ब्रोकरकडचं खातं. तो दुसरा ब्रोकर वेगळ्या यंत्रणेवर चालणारा असावा. शक्य तर बँकेच्या घरचा, दलाली महाग असली तरी. पण तिथे नेमकं काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. पहिल्याकडे कॉल विकलेला असेल तर दुसऱ्याकडे तोच स्ट्राइक, तीच एक्स्पायरी विकत घ्या. फक्त प्रीमियम (ऑप्शनची किंमत) लागतो आणि नुकसान तिथेच थांबतं. फ्युचर घेतलेला असेल तर दुसऱ्याकडे तेवढाच फ्युचर विका, मात्र त्याचं पूर्ण मार्जिन तिथे वेगळं लागेल, कारण दोन ब्रोकरांमधल्या पोझिशन एकमेकींत वजा होत नाहीत. कॉल विकत घेतलेला असेल तर तोच कॉल दुसरीकडे विकायला भरभक्कम मार्जिन लागतं. त्याऐवजी पुट घेणं स्वस्त, जरी बरोबरी पूर्ण होत नसली तरी. डिमॅटमधले शेअर मात्र पहिल्याकडेच अडकलेले असतात. शेअर वायद्यात असेल (म्हणजे त्याच्या फ्युचरचे सौदे होत असतील) तर दुसऱ्याकडे त्याचा फ्युचर विकून बचाव होतो. वायद्यात नसेल तर वाट पाहण्याशिवाय फारसं काही उरत नाही. पहिलं ॲप सुरू झालं की दोन्ही बाजू लागोपाठ बंद करायच्या. एकच बाजू बंद करून दुसरी विसरणं हेही सर्रास घडतं.

आता नियमांकडे येऊ, कारण खरी नाराजी तिथे आहे. सेबीचं २५ नोव्हेंबर २०२२ चं परिपत्रक ब्रोकरांच्या तांत्रिक बिघाडांवर आहे आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झालं. त्यात बिघाडाची व्याख्या ऐसपैस आहे: यंत्रणा थांबली, मंदावली किंवा नेहमीपेक्षा वेगळी वागली आणि हे सलग पाच मिनिटं किंवा जास्त चाललं, तर तो बिघाड. मूळ परिपत्रकाप्रमाणे तासाभरात एक्स्चेंजला कळवायचं होतं, दुसऱ्या दिवशी प्राथमिक अहवाल आणि १४ दिवसांत मूळ कारणाचा अहवाल द्यायचा होता. क्षमतेबद्दलही स्पष्ट आकडा आहे: आजवरच्या सर्वाधिक भाराच्या किमान दीडपट क्षमता बसवायची आणि भार ७० टक्क्यांवर गेला की यंत्रणेने इशारा द्यायचा. एक्स्चेंजांनी हे बिघाड आणि त्यांची कारणं आपल्या संकेतस्थळावर टाकायची आहेत. खातं उघडण्याआधी लोक दलालीचे तक्ते ताडून पाहतात. त्यातली दहा मिनिटं या यादीला दिली तर जास्त शहाणपण पदरी पडेल.

दुसऱ्या पारड्यात तुमची सही आहे. खातं उघडताना जो हक्क आणि कर्तव्यांचा दस्तऐवज आपण न वाचता स्वीकारतो, त्यात इंटरनेट सेवा अखंड मिळेल अशी हमी नाही, आणि यंत्रणा बंद पडल्यास दावा करता येणार नाही असंही म्हटलेलं आहे. ब्रोकरचा पहिला ईमेल याच कलमावर उभा असतो. पण कलमाला एक शेपूट आहे: बिघाड ब्रोकरच्या किंवा एक्स्चेंजच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणाने झालेला हवा. मतमोजणीची तारीख निवडणूक आयोगाने कित्येक आठवडे आधी जाहीर केलेली असते. बजेट १ फेब्रुवारीला असतं. एक्स्पायरी कॅलेंडरवर छापलेली असते. या दिवशी गर्दी झाली हे नियंत्रणाबाहेरचं कारण कसं, हा प्रश्न लेखी विचारला पाहिजे. समुद्राखालची केबल तुटणं वेगळं आणि सर्व्हर कमी पडणं वेगळं.

बिघाड एक्स्चेंजचा असेल तर गणित बदलतं. २४ फेब्रुवारी २०२१ ला दूरसंचार जोडण्यांच्या बिघाडातून एनएसई ११:४० ला थांबली. नेहमीची वेळ संपत आली तरी ती सुरू होईल की नाही कळेना, तेव्हा अनेक ब्रोकरांनी ग्राहकांच्या इंट्राडे (त्याच दिवशी मिटवायच्या) पोझिशन बीएसईवर मिळेल त्या भावाला बंद केल्या. मग ३:४५ ला एनएसई सुरू झाली आणि बाजार पाचपर्यंत चालला. या प्रकरणात एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग (सौदे मिटवणाऱ्या) कंपनीने पुढे २०२३ मध्ये सेबीकडे ७२ कोटी रुपयांहून जास्त भरून तडजोड केली. तडजोडीची रक्कम सरकारजमा होते. ज्यांचे सौदे चुकीच्या भावाला कापले गेले, त्यांच्या खात्यात त्यातून काही येत नाही. भरपाई आपोआप मिळण्याची व्यवस्थाच नाही, ही या सेवेची सगळ्यात मोठी उणीव. १ एप्रिल २०२५ पासून एनएसई आणि बीएसई एकमेकींच्या बिघाडात पर्यायी मंच म्हणून उभ्या राहतात, एवढी सुधारणा मात्र झाली.

तक्रार करायची तर पुरावा त्या पाच मिनिटांतच गोळा होतो, नंतर नाही. पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू करा, वरचं घड्याळ दिसू द्या आणि बाहेर पडण्याची ऑर्डर प्रत्यक्ष टाका. ‘मी विकणार होतो’ या वाक्याला किंमत नसते. अडकलेल्या किंवा नाकारलेल्या ऑर्डरला असते. ॲपच उघडत नसेल तर त्रुटीचा संदेश, फोन केल्याची नोंद आणि तिकीट क्रमांक जपा. दुसऱ्या ॲपवर तोच भाव त्याच क्षणी कसा चालू आहे, तेही टिपून ठेवा. बिघाड एक्स्चेंजचा नव्हता हे त्यातून दिसतं. दाव्याची रक्कम सरळ काढा: ऑर्डर टाकली त्या मिनिटाचा भाव आणि यंत्रणा सुरू झाल्यावर पहिल्या शक्य क्षणी मिळालेला भाव यांतला फरक, गुणिले संख्या. यंत्रणा ११ ला सुरू झाली आणि तुम्ही तीनपर्यंत आशेवर बसलात, तर पुढचा तोटा तुमचा. दिवसाच्या शिखरावर विकलं असतं तर किती मिळाले असते, हा आकडा घालाल तर पूर्ण दावाच हलका होईल.

आधी ब्रोकरच्या तक्रार निवारण पत्त्यावर ईमेल. त्यात बिघाडाची वेळ, ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि एक नेमकी मागणी: त्या दिवशीचा भार बसवलेल्या क्षमतेच्या किती टक्के होता आणि एक्स्चेंजला दिलेल्या अहवालात मूळ कारण काय लिहिलं आहे. उत्तर गुळमुळीत आलं तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रारींचं पोर्टल. तिथे ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ते पटलं नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागता येतो. त्यानंतर स्मार्ट ओडीआर हे वाद सोडवण्याचं पोर्टल: आधी ऑनलाइन सलोखा, तो फिसकटला तर लवाद. मोठ्या रकमेला लवादाचं शुल्क परवडतं, दोन-चार हजारांच्या दाव्याला सलोख्यावरच थांबणं बरं. स्कोअर्सवर तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत नोंदवावी लागते, आणि ब्रोकरने ‘सदिच्छा म्हणून’ दलाली परत केली तर ती घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द कुठे आहेत का तेवढं पाहून घ्या.